हळदीच्या गाण्यातलं नाव

हळदीचं गाणं मी आईकडून शिकले. चाल ठरलेली, नावं मात्र दर लग्नात नवी: नवरीचं, नवऱ्याचं, मामाचं, गावाचं. गारगोटीला माझ्या धाकट्या भावाच्या मुलीची हळद होती, तेव्हाही मी अशीच नावं गुंफून गायले. मी शाळेत बाई, आवाज खणखणीत. तो चांगला आहे हे मला कुणी सांगायला लागत नसे.

त्या हळदीचं शूटिंग करणाऱ्याचं कोल्हापुरात, शाहूपुरीत कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानं शूटिंगमधून माझा आवाज तेवढा उचलला आणि लग्नाच्या गाण्यांच्या एमपीथ्री सीडीत घातला. एका सीडीत शंभरावर गाणी, त्यामुळे लोकांच्या उड्या पडल्या. मला कुणी विचारलं नव्हतं, सीडीवर माझं नावही नव्हतं. मला हे कळलं ते गगनबावड्याकडच्या एका लग्नात. मांडवात स्पीकर लागला आणि माझाच आवाज आला. नवरी दुसरीच, अन् गाण्यात नाव माझ्या भाचीचं! खरं तर राग यायला हवा होता. मी शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून सांगितलं, "मी हाय ती." कोल्हापुरात आल्या आल्या सीडी विकत घेतली, शाळेत सगळ्यांना ऐकवली, आणि मागेल त्याला शाळेच्या नव्या कॉम्प्युटरवर कॉपी करून दिली.

भाचीचं सासरी पटलं नाही. वर्ष-दीड वर्षात ती माहेरी परत आली, ती कायमचीच. गाण्यातलं जोडपं मात्र सुखानं नांदत होतं. लग्नसराई आली की गल्लीत कुठल्या ना कुठल्या मांडवातून तिचं नाव, पाठोपाठ त्याचं, आणि सासरच्या गावाचंही, पत्ता चुकायला नको! ती खिडकी लावून घ्यायची. एकदा भाऊ मला म्हणाला, "अक्का, तेवढं गाणं बंद कर की. ते लागलं की पोरगी ताटावरनं उठती."

मी शाहूपुरीत गेले. दुकानदारानं चहा मागवला.

"बाई, आता माझ्या हातात काय बी न्हाय. कुणीतरी नेटवर चढवलंय. पोरं नेट कॅफेतनं उतरवून घेत्यात आन् मोबाईलमधी भरून देत्यात." मग त्याचाच पारा चढला. दुसरा एक दुकानदार त्याची सीडी जशीच्या तशी छापून विकत होता आणि वर 'सर्व हक्क राखीव' असंही छापत होता. "माझ्या सीडीची चोरी! केस घालणार हाय मी. तुमी फकस्त साक्ष द्या, आवाज तुमचा हाय म्हणून. पुढच्या सीडीवर तुमचं नाव घालतो की, फोटोसकट."

गाणं आईचं, नाव भाचीचं, आवाज माझा, आणि चोरी झाली होती ती ह्याची. त्याला तिथंच चार शब्द सुनावायला हवे होते. मी काय केलं? मी विचारलं, "नाव पुढच्या बाजूला घालणार का मागच्या?"

रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की नव्या सीडीत तरी ते गाणं घालू नका, एवढं सांगायचंच राहून गेलं. परत आत जायची लाज वाटली. भावाला म्हटलं, "सांगून आलेय." त्यानं विश्वास ठेवला. साक्षीला मला कुणी बोलावलं नाही, पण तो प्रश्न आठवला की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

पुढं नात्यातल्या एका हळदीला मी भाचीला ओढूनच नेलं. किती दिवस घरात कोंडून घेणार, म्हणून. आम्ही दोघी बायकांच्या घोळक्यात बसलो होतो. निम्म्याअधिक बायका मुलाकडच्या, तिला न ओळखणाऱ्या. स्पीकरवाल्यानं गाणं लावलं आणि पहिल्याच कडव्यात तिचं नाव आलं. मी ताडकन उठले. तिनं माझा हात धरून मला खाली ओढलं.

"बस आत्ती. तू बंद कराया गेलीस तर समद्यास्नी कळंल, ती मीच म्हणून."

मी बसले. तिनं मान खाली घातली आणि गाणं संपेपर्यंत माझा हात सोडला नाही. तिचा तळवा घामानं ओला झाला होता. आणि मी? मी ऐकत होते, शेवटच्या कडव्यात माझा आवाज किती सुंदर लागलाय ते.