आतोबांची दरी

बायकोशी एकनिष्ठ राहिलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, काही तर आमच्या गल्लीतच होती. पण एका दरीशी उभा जन्म एकनिष्ठ राहिलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. कोल्हापुरात मोजणी कचेरीत ते नकाशे काढणारे कारकून होते. तरुणपणी कधीतरी साखळी घेऊन पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला एका दरीत जमीन मोजायला गेले आणि जमीन मोजून झाली तरी यांचं मन तिथून उठेना. तेव्हापासून दर रविवारी पहिल्या एसटीनं पन्हाळा, तिथून पायवाटेनं खाली दरीत, दिवसभर चित्र आणि दिवेलागणीला घरी, असा त्यांचा बावीस वर्षं नेम होता. काखेत ड्रॉइंगचा बोर्ड, खांद्याला रंगांची पिशवी, हातात छत्री आणि डब्यात आत्यानं रागारागानं थापलेल्या भाकरी. आत्या त्या दरीला 'माझी सवत' म्हणायची. "चल की एकदा, बघून तर ये," असं आतोबा म्हणाले की ती फणकारायची, "सवतीचं तोंड बघायला एवढा डोंगर कोण चढतंय!" आणि बावीस वर्षांत ती एकदाही गेली नाही.

आतोबांच्या लेखी 'हिरवा' नावाचा रंगच जगात नव्हता. मेथी होती, शिळी मेथी होती, पावसात भिजलेली मेथी होती, कोवळं गवत, हरभऱ्याचा घाटा, कच्ची चिंच आणि पोपटाच्या पोटाखालचा भाग होता. पण नुसता हिरवा कुठेच नव्हता. मंडईत ते कोथिंबिरीची जुडी उचलत, डोळे बारीक करून ती उन्हाकडे धरत आणि तशीच धरून उभे राहत. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. भाजीवालीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पावणं, घ्यायची तर घ्या, न्हायतर ठिवा खाली. पोरगी बघाय आल्यासारखं काय बघताय कोथमिरीला?" आतोबा लाजले, जुडी खाली ठेवली आणि तिथून थेट घरी आले. आत्यानं भाजी आणायला पाठवलं होतं हे त्यांच्या ध्यानात आलं ते जेवायला बसल्यावर.

समोर दिसेल तेच काढायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. आमच्या आईनं एकदा दिवाळीसाठी लक्ष्मीचं चित्र मागितलं, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "वहिनी, त्या राहतात कुठं? मी जाऊन काढून आणतो." माझे वडील, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आण्णा, आतोबांचे सख्खे मेहुणे. वारलेल्या आजोबांचं चित्र काढून द्या म्हणून ते वर्षभर मागे लागले होते. आतोबा म्हणाले, "आण्णा, ते होते तेव्हाच सांगायचं होतंत. आता कुठनं बसवू समोर?" आण्णा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आतोबांच्या ते लक्षात आलं की नाही, शंका आहे.

आणि काढलेली चित्रं ते कुणाला देत नसत, विकायची तर बातच सोडा. माझ्या लग्नात मला वाटलं होतं, निदान एक तरी चित्र मिळेल. मिळाला स्टीलचा डबा. कुणी फारच गळ घातली तर आतोबा एक चित्र पुढे धरून विचारत, "हे किती वाजताचं आहे सांगा पाहू?" समोरचा गांगरून 'सकाळचं' म्हणाला की ते चित्र पुन्हा गुंडाळलं जाई. अशी शंभरावर चित्रं त्यांच्या दोन खोल्यांत गाद्यांखाली, कपाटावर, ट्रंकेत आणि तांदळाच्या पिंपामागे होती. "माझ्या घरात आल्यागेल्याला अंथरूण नाही आणि या बयेला सहा गाद्या," असं आत्या पाहुण्यांदेखत म्हणायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आतोबांच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली होती. कचेरीतल्या मित्रांनी फारच धोशा लावला, की एकदा प्रदर्शन भरवा. गावातला एक हॉलही बघून ठेवला. आतोबा तो बघायला गेले आणि तोंड पाडून परत आले. "ट्यूबलाइट आहेत हो तिथं," ते आण्णांना म्हणाले, "ट्यूबलाइटखाली माझी दरी कावीळ झाल्यासारखी दिसते." मग एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की प्रदर्शन भरेल ते दरीतच. जिथलं चित्र, तिथं उभं राहून बघायचं. त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि मोजणीच्या नोटिशीच्या भाषेत, सुंदर अक्षरात आमंत्रणं लिहिली. पत्त्याच्या जागी चतुःसीमा होती: पूर्वेस ओढा, पश्चिमेस जांभळाचं जुनं झाड, उत्तरेस गडाची उतरण, दक्षिणेस पडीक रान. खाली लिहिलं होतं, 'सदर इसमांनी सकाळी नऊ वाजता हजर राहावे. गैरहजर राहिल्यास दरीची हरकत नाही, आमची आहे.'

संक्रांत होऊन गेलेली होती. शनिवारीच आतोबा चित्रांच्या दोन ट्रंका घेऊन गेले आणि पन्हाळ्यावरच्या एका गाढववाल्याला गाठून त्या खाली उतरवल्या. जाताना आत्याच्या दोरीवरचे कपड्यांचे सगळे चिमटे घेऊन गेले, आणि ते पुरणार नाहीत म्हणून शेजाऱ्यांचेही. रविवारी सकाळी शेजारच्या काकूंचं धुणं गल्लीभर उडत होतं, तेव्हा आत्या पायरीवर उभी राहून त्यांना सांगत होती, "मीच जाऊन आणते ओ चिमटे. बघते एकदा काय चाललंय ते." दरीत जायचं एवढं एक कारण तिला पुरलं. आत्या, आण्णा, मी आणि माझी बायको असे चौघं निघालो.

पायवाटेनं खाली उतरलो आणि वळणावर आत्या थांबली. खाली जांभळापासून ऐनाच्या झाडापर्यंत, ऐनापासून पुढच्या करवंदीच्या जाळीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर चिमट्यांनी अडकवलेली चित्रं वाऱ्यानं हलत होती. प्रत्येक चित्रामागे तोच डोंगर, तोच ओढा, तीच शेतं खरीखुरी उभी. आतोबा लग्नातला कोट घालून मधोमध उभे होते. ते पुढे आले आणि आत्याला म्हणाले, "आलीस?" आत्या म्हणाली, "चिमटे न्यायला आले." पण बोलताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती, दरीकडे बघत होती.

नऊचे दहा झाले, दहाचे अकरा. कोल्हापुरातून कुणीही आलं नाही. आतोबा दर थोड्या वेळानं पायवाटेकडे मान वर करून बघत, एखादं सरळच असलेलं चित्र पुन्हा सरळ करत आणि पुन्हा वर बघत. आण्णा म्हणाले, "लग्नसराई आहे. लोक अडकले असतील." आतोबा म्हणाले, "हो, आणि वाटही अवघड आहे." बारा वाजता त्यांनी कोट काढला आणि घडी करून दगडावर ठेवला. ती घडी घालताना त्यांचा चेहरा मला बघवेना. माझ्या बायकोनं डबा सोडला, पण कुणाचाच हात पुढे होईना.

तेवढ्यात बैल घेऊन एक शेतकरी ओढ्याकडे निघाला होता, तो थांबला. "काय ओ सायेब, काय वाळत घातलंयसा?" म्हणत जवळ आला. एका चित्रापुढे उभा राहिला. डोकं पुढे घातलं, मागे घेतलं, मग वळून डोंगराच्या अंगाला बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं आणि ओरडला, "आयला! ह्यो तर माझा तुकडा!" त्यानं तोंडाभोवती हात धरले आणि दरीच्या पलीकडच्या बाजूला अशी हाळी दिली की आण्णा दचकून उभेच राहिले. "ए, या की रं समदी! मोजणीच्या सायबानं आपली रानं काढल्यात!"

अर्ध्या तासात दरी माणसांनी भरली. खुरपी हातात तशीच, पोरं कडेवर तशीच. आपापलं शेत, खोप, विहीर, गोठा शोधायची एकच झुंबड उडाली. दोन सख्खे भाऊ एका चित्रापुढे हातघाईवर आले. "बघ की नीट, आंबा बांधाच्या माझ्या अंगाला हाय. साक्षात सायबानं काढलाय!" थोरला म्हणाला. "तुझ्या अंगाला हाय तर सावली माझ्यात का पडल्या?" धाकटा म्हणाला. आतोबांनी मध्ये पडून अगदी कचेरीतल्या आवाजात सांगितलं, "हे मोजणीचं काम नव्हे. सकाळी नऊची सावली आहे. संध्याकाळी ती त्याच्यात पडते." दोघांनी विचार केला आणि दोघांचंही समाधान झालं. वाद मिटवलेला तो आतोबांच्या नोकरीतला बहुधा पहिलाच प्रसंग.

मग एक म्हातारी आली. ती कुठंच थांबली नाही, एकेक चित्र ओलांडत शेवटच्या दोरीपर्यंत गेली आणि तिथं एका चित्राला तिनं जवळजवळ नाक लावलं. भात कापून झालेली शेतं होती, आणि मधल्या बांधावर तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस. म्हातारीनं त्या दाण्यावर बोट ठेवायला हात उचलला आणि तसाच हवेत धरला. "ह्ये आमचं मालक हायत," ती म्हणाली. आतोबा जवळ गेले. "आजी, एवढ्याशा ठिपक्यात कसं ओळखलंत?" "उभं ऱ्हायची ढब बघा की. एका पायावर भार देऊन. असंच उभं ऱ्हायचं ते." मग म्हणाली, "जाऊन तीन वर्सं झाली. फोटू न्हाय वो त्यांचा एकबी."

आतोबांनी चित्र उलटून मागे लिहिलेलं वाचलं: पौषातला रविवार, दुपारचे साडेतीन, पश्चिमेचा वारा. ते म्हातारीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं मान हलवली, जणू तिलाही तो वारा आठवत होता. मग ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला चित्र दिलं नव्हतं, त्यानं दोन्ही चिमटे काढले आणि चित्र तिच्या हातात ठेवलं. म्हातारीनं ते पदरानं पुसलं नाही की काही नाही, नुसतं छातीशी धरलं आणि चालू लागली. तिच्या मागून भाऊ पुढे आले, मग बैलवाला, मग सगळेच.

आत्या इतका वेळ एका दगडावर बसून होती. ती उठून आतोबांजवळ गेली. आम्ही ऐकतोय हे तिच्या ध्यानात नसावं. "एवढी माणसं काढलीत," ती म्हणाली, "मी कुठं आहे यात?" आतोबांच्या हातात चिमटा होता. तो उघडत-मिटत ते हळूच म्हणाले, "तू इथं कधी आलीसच कुठं?" त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार लागलं असावं. आत्यानं पदर खोचला आणि ती स्वतःच चित्रं उतरवून लोकांना द्यायला लागली. "चुलीजवळ लावू नका. भिंतीला ओल असली तर आधी चुना मारा. पोरांच्या हातात देऊ नका." बावीस वर्षं त्या चित्रांना शिव्या घालणारी बाई प्रत्येकाकडून वचन घेतल्याशिवाय चित्र सोडत नव्हती. ऊन उतरलं तेव्हा दोऱ्यांवर फक्त चिमटे राहिले होते. ट्रंका रिकाम्या, आतोबांचा चेहरा उजळलेला. वर चढताना आत्या म्हणाली, "येत्या रविवारी मी येणार. मला काढा." "ये की," आतोबा म्हणाले आणि तिच्या हातातली चिमट्यांची पिशवी त्यांनी घेतली.

पुढच्या रविवारी नातीचं बारसं निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी पुण्याचे पाहुणे आले. तिसऱ्या रविवारच्या आधीच कचेरीत आतोबांच्या छातीत कळ आली. ते वाचले, पण डॉक्टरांनी चढण-उतरण कायमची बंद केली. नंतरची सहा-सात वर्षं ते माडीवरच्या खिडकीत खुर्ची टाकून बसत. लख्ख दिवस असला की तिथून पन्हाळ्याची निळी रेघ दिसायची. तिच्या पलीकडे ती दरी, पण ती काही दिसायची नाही. आत्या म्हणायची, "आठवणीतनं काढा की एखादं." ते मान हलवत. "आठवणीत ऊन हलत नाही गं." पोरीबाळींच्या जन्माच्या तारखा विसरणारा तो माणूस आत्ता ओढ्यावर ऊन आलं असेल, आत्ता ऐनाखाली सावली झाली असेल, असं घड्याळ न बघता सांगायचा. आणि आत्या खालून चहा घेऊन येताना विचारायची, "कुठवर आलं ऊन?"

आतोबा गेले त्या वर्षी पावसाळा सरल्यावर आत्यानं मला बोलावून घेतलं आणि दरीत घेऊन चल म्हणाली. मी तिचे गुडघे, तिचं वय, सगळं सांगून बघितलं. ती ऐकेना. एसटीनं गेलो, कसेबसे उतरलो. त्या म्हातारीचं घर सापडलं. म्हातारी राहिली नव्हती, सून होती. देव्हाऱ्याच्या शेजारी, चांगला चुना मारलेल्या भिंतीवर ते चित्र होतं. सुनेनं ताक दिलं, नाचणीची भाकरी दिली, "ऱ्हावा की आजचा दीस," म्हणाली. आत्या चित्रासमोर बराच वेळ बसली. माझ्या मनात आलं होतं, एखादं चित्र मागून घ्यावं. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात आतोबांच्या हातचा एक कागद नाही. पण आत्याकडे बघून मी तो विषय काढला नाही.

परतीची चढण लागली. आत्या दर दहा-पंधरा पावलांवर थांबायला लागली. छातीवर हात, श्वास फुललेला. मी घाबरून म्हणालो, "आत्या, दमलीस. बस जरा, मी वर जाऊन कुणाला तरी आणतो." तिनं मला हातानं थांबवलं. पायवाटेवर एका बाजूला दगडाला टेकून ती खाली दरीकडे बघत राहिली.

"दमले नाही रे," ती म्हणाली. "दिवसभर काम करून, एवढं ओझं घेऊन, ते एकटे कसे चढत असतील, ते बघतेय."

वर शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजला. मी घाई केली नाही. आम्ही सावकाश चढत राहिलो.