कडुलिंबाला बांधलेली होडी

समुद्र आमच्या शेंदूरजनाघाटहून किती लांब, ते मला विचारूच नका. तरी आम्ही चौघी बायका महिनाभर समुद्रात होडी वल्हवणार होतो, डायलिसिसवरच्या पेशंटांसाठी मदत गोळा व्हावी म्हणून. आमची कॅप्टन अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकते. तिच्या आवाजापुढं गिऱ्हाईक भाव करत नाही, तिथं आम्ही काय नाही म्हणणार!

फॉर्मवर घरच्या दोघांच्या सह्या हव्या होत्या. नवऱ्यानं इतक्या घाईनं पेन काढला की माझं डोकंच फिरलं. आई मात्र अडून बसली. "मी सही करत नाही, जाय!" तिची सही नाही तर मी नाही, आणि मी नाही तर टीमच बाद. चार म्हणजे चारच लागत होत्या.

आईची ही भीती जुनीच. विहिरीत पोहायला शिकवताना आमच्याकडं सगळ्याच पोरांच्या कमरेला दोर बांधतात. बाकीच्यांचे आठ दिवसांत सुटले. माझ्या कमरेचा बैलाचा कासरा आईनं मी दहावीत जाईपर्यंत धरून ठेवला. कौंडण्यपूरच्या जत्रेत नदीत उतरले, तरी दुसरं टोक तिच्याच हातात. "सोड नं वं माय!" म्हणून मी रडायची आणि मैत्रिणी हसून लोळायच्या.

सराव आमच्या संत्र्याच्या बागेतल्या शेततळ्यात. पाचदा वल्हं मारलं की समोरचा काठ! वरून भाऊ ओरडायचा, "तळ्याच्या बुडाचं प्लास्टिक फाटलं तं पाहा मंग!" शेवटी कॅप्टननं होडी काठावरच्या कडुलिंबाला बांधली. मग आम्ही दोन-दोन तास जागच्या जागी वल्हवायचो, घामाघूम होऊन.

एक दिवस आई डबा घेऊन आली आणि पाहत उभी राहिली.

"इतकं वल्हवून राहिल्या, तं होडी हालत काहून नाही?"

"बांधली हाय नं."

"समुद्रातबी बांधतेत?"

"हो मंग! बांधूनच ठेवतेत," मी निर्लज्जासारखी म्हणाले. कॅप्टननं मान खाली घातली.

आईनं तिथंच सही केली. खोटं बोलल्याची मला लाज वाटली, अगदी खरं सांगते. पण फॉर्म मी पटकन पिशवीत टाकला.

निघायच्या दिवशी अमरावती स्टेशनवर आईनं एक जड पिशवी हातात दिली. लाडू असतील म्हणून उघडली, तर आत तोच कासरा.

"समुद्रात झाडं नसतेत, हे मले मालूम नाही काय वं?" आई म्हणाली. "हा कमरेले बांधजो. दुसरं टोक त्या भाजीवालीच्या हाती देजो. माहा हात तिथवरी पुरत नाही."

मग गाठ कशी मारायची ते दाखवायला तिनं तो प्लॅटफॉर्मवरच माझ्या कमरेला बांधला, सगळ्यांच्या देखत. मी चाळिशीची बाई! लोक हसत होते. गाडी येईपर्यंत दुसरं टोक आईच्याच हातात होतं, आणि या खेपेला मी सोड म्हटलं नाही.