पाच शेजाऱ्यांची खळी

उस्ताद मारायच्या आधी हातातलं हत्यार टेबलावर ठेवायचे. तेवढाच एक क्षण मिळायचा. त्या क्षणात मान खांद्यांत ओढून घ्यायला मी शिकलो. आज इतक्या वर्षांनी, इथं मस्कतच्या वर्कशॉपमध्ये, कुणी टेबलावर पाना ठेवला तरी माझी मान तशीच आत जाते. इथली पोरं हसतात. हसू देत.

परवा सुट्टीच्या दिवशी आमच्या कॅम्पच्या मागं वाळूत गोल्फचा एक चेंडू सापडला. कुणी कुठून मारला असेल कोण जाणे. उचलला आणि अंगठ्यानं त्याच्या खळ्या चाचपत गेलो. एका खळीभोवती किती खळ्या? सहा. पुढच्या खळीला? सहा. तिच्या पुढच्या खळीला पण सहाच. असं करत करत एक खळी पाच शेजाऱ्यांची लागली, तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं. पाचाची खळी न सापडता चेंडू हातून ठेवला, तर मला त्या दिवशी झोप लागत नाही.

चेंडू सगळ्या जगाचा आहे. माझ्यासाठी तो औरंगाबादचा, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. तिथं आम्ही साचे बनवायचो. बाटल्यांच्या टोपणांचे, बटणांचे, पंपांच्या वायसरांचे. उस्ताद तिथले मुख्य कारागीर. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे वडील वर्कशॉपातून घरी बसले आणि शाळेत जाणाऱ्या उस्तादांच्या हातात हातोडा आला, असं ते सांगायचे. त्यांना कुणी शिकवलं ते मारून, आणि त्यांनी कुणाला शिकवलं ते पण मारूनच. माझी शाळा सातवीत सुटलेली. आयटीआयचा कागद नाही. सगळ्या गेटांवरून परत फिरवलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "हाथ दिखा." हात उलटे-सुलटे करून बघितले. "बांबू का काम कर्‍या क्या कभी?" मी नाही म्हणालो.

ते खोटं होतं. आमचं घर कन्नडचं, बुरुडाचं. आई टोपल्या, सूप, कोंबड्या झाकायची डालगी विणायची आणि बाजाराच्या दिवशी विकायची. माझ्या बोटांवरच्या चिरा बांबूच्या कांब्यांच्याच होत्या. उस्तादांनी त्या ओळखल्या असणार. तरी आत घेतलं. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो, आणि आज जे खातो ते त्यांचंच देणं आहे. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे आहे ते वाचून कुणी त्यांना कसाई म्हणेल.

एके दिवशी मालकांनी गोल्फच्या चेंडूचं काम आणलं. सरावाचे चेंडू, परदेशी जायचे होते. नमुना एकच होता, आणि मालकांच्या जावयानं आत काय आहे ते बघायला करवतीनं तो अर्धा कापलेला. आत रबराचा दोरा ताणून गुंडाळलेला होता. कापल्याबरोबर तो सापासारखा उसळला, जावयाच्या ओठावर सपकन बसला आणि चेंडूची दोन्ही अर्धी फुगून वाकडी झाली. म्हणजे नमुना असून नसल्यासारखा. खळ्या किती ते दिसत होतं, पण कुठली कुठं होती ते आता सांगता येत नव्हतं.

काम असं होतं. आधी पोलादाचा अर्धगोल बनवायचा. त्याला आम्ही मास्टर म्हणायचो. त्यावर प्रत्येक खळीच्या जागी गोल टोकाचा पंच उभा धरायचा आणि वरून हातोडा हाणायचा. दीडशेच्या वर खळ्या, दीडशेच्या वर घाव, सगळे एका जोराचे. मग मास्टरला भट्टीत तापवून कडक करायचं आणि मोठ्या प्रेसखाली मऊ पोलादाच्या ठोकळ्यात दाबायचं. ठोकळ्यात अर्ध्या चेंडूचा खड्डा उमटतो. तोच साचा. असे दोन खड्डे समोरासमोर आले की चेंडू.

पंच मी धरायचो. हातोडा उस्ताद मारायचे.

त्यांनी वरच्या टोकाला पहिली खळी मारली, तिच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मग अठरा. सपाट पत्र्यावर आम्ही जाळ्या अशाच मारायचो. सहा-सहा कधी चुकत नाही. पण गोलावर ते खाली उतरायला लागले तशा खळ्या दाटायला लागल्या. कडेला येईपर्यंत एकीवर एक चढल्या.

"तू हिल्या," उस्ताद म्हणाले.

"नाय उस्ताद."

हातोडा टेबलावर ठेवला गेला. मापाची लोखंडी पट्टी मनगटावर बसली, मग कोपरावर. दुसऱ्या मास्टरला पण तसंच झालं, तेव्हा त्यांनी माझी बोटं टेबलावर पसरायला लावली आणि पट्टीच्या धारेनं एकेका सांध्यावर मारलं. पंच धरताना रक्तानं हात घसरायचा, म्हणून मी चिंधी गुंडाळली. प्रेस चालवणारा लासूर स्टेशनचा होता, अंगानं दांडगा. तो लांबून म्हणाला, "अय टोपलीवाल्या, ह्याच्यापेक्षा आईजवळ बसून सुपं ईण." त्याला माझं घर माहीत होतं. एकदा कन्नडच्या बाजारात त्यानं मला आईच्या दुकानाशी बघितलं होतं.

मालक आत आले. दोन्ही वाया गेलेले मास्टर त्यांनी हातात घेतले. "चाचा, पुण्याला कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलंय. तिसरा पण असा झाला तर मी ते घेतो. मग तुम्ही घरी आराम करा."

"और ये?" उस्तादांनी माझ्याकडं बोट केलं.

"तुम्ही आणलेला माणूस. तुमच्याबरोबर जाईल."

मला कन्नडला परत जायचं नव्हतं. त्या संध्याकाळी चालत गुलमंडीला गेलो आणि टिकल्यांची दोन मोठी पाकिटं घेतली. दुकानदारानं विचारलं, "वहिनींसाठी?" मी व्हय म्हणालो. लग्न व्हायचं होतं. खोलीवर एक रबरी चेंडू होता, त्यावर टिकल्या चिकटवत बसलो. सहानं सुरुवात केली की दाटायच्या. उपटून परत लावल्या. परत दाटल्या. मग हातच थांबले, कारण हातांना काहीतरी आठवलं होतं.

आई डालगं विणायची ते सहा कोनांच्या घरांचं. सपाट विणत राहिलं तर चटई होते, कोंबडी काय झाकणार? म्हणून ती मध्येच एक घर पाच कोनांचं सोडायची. तिथं वीण आपोआप वाकते. वर मध्यभागी एक, आणि खांद्याला भोवतीनं पाच. अशी सहा वळणं घातली की डालगं खाली सरळ उतरतं. मी लहानपणी एकदा पाचच वळणं घातली होती, तर डालगं घागऱ्यासारखं पसरलं. एकदा सात घातली, तर तोंड मिटत आलं. तेव्हा आईनं ओल्या कांबीनं पाय फोडून काढले होते. मारून शिकवायची रीत उस्तादांचीच नव्हती.

मी वरच्या टिकलीभोवती पाच लावल्या. मग दहा, मग पंधरा. पाच जागी परत पाचाची टिकली बसवली आणि तिथून खाली ओळी वाढायच्या थांबल्या. एका मापानं कडेपर्यंत आल्या. एक पण दाटली नाही. मी तो चेंडू डब्याच्या पिशवीत ठेवला.

सकाळी शेडमध्ये शिरलो तर उस्तादांनी रात्रभर जागून तिसरा मास्टर एकट्यानं मारलेला. पंच आपणच धरलेला, हातोडा आपणच. खळ्या कडेला दाटलेल्याच, पण यावेळी त्यांनी कानस मारून वरवर सारख्या केल्या होत्या. मी पिशवीत हात घातला. "उस्ताद, एक..."

पट्टी थेट कानावर बसली. मी हत्यार ठेवल्याचा आवाज ऐकलाच नव्हता. कानात शिट्टी वाजायला लागली आणि तिच्यातून लासूरवाल्याचं हसू ऐकू आलं. "टोपलीत काय आणलंय बघा तरी."

मी पिशवीतून हात रिकामा काढला.

नुसतं भिऊन गप्प बसलो असं मी पुष्कळांना सांगितलंय. ते अर्धं खरं आहे. मनात असं पण होतं, की फुटू दे. तुझ्या हातानं केलंयस, तुझ्या हातानं फुटू दे.

दोन खळ्यांच्या मध्ये पोलादाची भिंत कागदासारखी उरली असेल, तर भट्टीतून निघाल्यावर ती काच होते. हे मला माहीत होतं. उस्तादांना पण माहीत होतं, पण त्यांच्यापुढं पुण्याचं मशीन उभं होतं. भट्टीतून काढलेला मास्टर त्यांनी प्रेसखाली ठेवला आणि वाकून बघत राहिले. लासूरवाल्यानं दाब वाढवला. काटा चढत गेला. ठोकळा कण्हल्यासारखा वाजला. मी म्हणालो, "मागं सरा." म्हणालो की नुसतं मनात आलं, हे आज सांगता येत नाही.

मास्टर फुटून बार झाला. पत्र्याला भोक पडलं. लासूरवाल्याच्या दंडाचं मांस उघडं झालं. उस्ताद दोन्ही हातांनी तोंड धरून उभे होते, पडले नाहीत, आणि बोटांच्या फटीतून रक्त कोपरापर्यंत येऊन खाली गळत होतं. डाव्या डोळ्यात तुकडा गेला होता. मी त्यांना टेम्पोत घातलं. वाटभर त्यांनी माझं मनगट इतकं आवळून धरलं की पट्टीच्या जखमा परत फुटल्या.

सरकारी दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, डोळा गेला. मालक मोसंब्या ठेवून गेले आणि जाताना, महिनाअखेर दोघांनी निघायचं, असं बोलून गेले.

मी खाटेजवळ उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. आई, डालगं, टिकल्या, पिशवी. "मला आदल्या दिवशीच माहीत होतं, उस्ताद."

त्यांनी मला जवळ बोलावलं. मी वाकलो. त्यांनी माझे केस मुठीत धरले आणि कपाळ खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा भुवई फाटली. नर्स धावत आली, दोघांना ओरडली, माझ्या भुवईला टाके घालायला घेऊन गेली. परत आलो तर उस्ताद भिंतीकडं तोंड करून पडलेले.

"ऊपर एक?" त्यांनी विचारलं.

"एक. आणि खांद्याला पाच."

"लगा के दिखा."

पिशवीत दुसरं पाकीट होतं. मालकांच्या मोसंबीवर मी टिकल्या लावल्या. ती त्यांनी हातात घेतली आणि उजव्या अंगठ्यानं एकेक टिकली चाचपत गेले. पाचाच्या टिकलीवर अंगठा थांबायचा, भोवती फिरायचा, पुढं जायचा. लई वेळ. मग म्हणाले, "माँ का नाम ले के नहीं बोल सक्या? शरम आई?"

लाज वाटली होती, ते त्यांना कळलं होतं.

महिना संपायला आठ दिवस होते. डोळ्यावर पट्टी बांधून उस्ताद शेडमध्ये आले. एका डोळ्यानं त्यांना अंतर कळत नव्हतं. हातोडा मारताना तो पंचाच्या शेजारी पडायचा. दोनदा तसं झालं. मग त्यांनी हातोडा माझ्यापुढं केला आणि पंच स्वतः धरला.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या हातावर कधी काही उगारलं नव्हतं. पहिले घाव भीत भीत मारले. "औरतां जैसा कायकू मारता," ते म्हणाले. मी जोर वाढवला. वरची एक, भोवती पाच, मग दहा. घामानं डोळे चुरचुरत होते. तिसऱ्या रांगेत हातोडा घसरला आणि त्यांच्या अंगठ्यावर बसला. नख मधोमध फाटलं, काळं रक्त मास्टरवर आलं. माझी मान आपोआप आत गेली. मी वाट बघत राहिलो.

त्यांनी पंच खाली ठेवला नव्हता. तो जागच्या जागी उभा होता.

"मेरा हाथ नहीं हिल्या," ते म्हणाले. "तू कायकू हिल्या? मार."

मी रक्त पुसलं आणि मारला. दोन दिवसांत मास्टर पुरा झाला. भट्टीतून काढल्यावर लासूरवाल्यानं एका हातानं तो ठोकळ्यावर ठेवला, दुसरा दंड अजून गळ्यात बांधलेला. मी उस्तादांना बाहेर बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. मी त्यांच्या आणि प्रेसच्या मध्ये उभा राहिलो, तर त्यांनी मला मानगूट धरून बाजूला ढकललं आणि वाकले, पहिल्यासारखेच. दाब चढला. ठोकळा कण्हला. लासूरवाला पुटपुटत होता, देवाचं नाव की शिवी, मला कळलं नाही.

मास्टर वर आला. सगळ्या खळ्या जागेवर होत्या. खड्ड्यात त्यांचे उंचवटे उमटले होते, एका मापाचे, कडेपर्यंत. उस्तादांनी फुटलेला अंगठा आत घातला आणि मधून फिरवत फिरवत कडेला आणला. एका जागी थांबले. भोवती मोजलं. पाच.

मालक दारात उभे होते. उस्तादांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. हात पुसला, चिंधी टेबलावर ठेवली. माझी मान आत गेली.

"दूसरा टुकडा ला," ते म्हणाले. "आधा बाकी है."