काकूने कॅमेऱ्याला ओवाळलं त्याची गोष्ट

स्वस्तातले भयपट मला मनापासून आवडत. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाने असं उघड बोलणं तेव्हा बरं दिसत नसे. मी बोलत असे. जळगावात लागलेला एकही मी सोडला नाही, आणि धुळ्याच्या एका दैनिकात त्यांच्यावर लिहिलंही. माझं म्हणणं असं, की आपल्या सगळ्या सिनेमांत हेच तेवढे प्रामाणिक. सामाजिक चित्रपट समाज बदलायला निघतो आणि शेवटी लग्न लावून मोकळा होतो. भयपट फक्त घाबरवण्याचं कबूल करतो, आणि तेही त्याला जमत नाही. भुताच्या मानेवर रबरी मुखवट्याची कड दिसते. पडक्या हवेलीत एकटी आलेली नायिका आधी आंघोळ उरकून घेते. यात फसवणूक कुठे आहे, असं मी विचारलं होतं.

ते कात्रण खिशात घालून मुंबईचा एक दिग्दर्शक माझ्याकडे आला. भयपटच करत होता. शेवटी देवी भुताचा नाश करते, म्हणाला, आणि ती देवी मला खरी हवी. "सर, आमच्या धंद्यात तुमच्याइतकं समजणारा माणूस नाही."

मला तोंडदेखल्या स्तुतीची चीड आहे. ही मात्र मला तशी वाटली नाही.

शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, चौरंगावर मांडायचं. गव्हाचे रोट करायचे, ते फक्त भाऊबंदांनी खायचे; पाहुण्याला त्यातला घाससुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डफ वाजू लागला की माझ्या काकूच्या अंगात येई. हेच चित्रित करा, असं मी दिग्दर्शकाला सुचवलं. काकांना ते बिलकूल पसंत नव्हतं. काकूने माझ्याकडे पाहिलं.

"पोऱ्या, तू वळखस ना त्यास्ले?"

"ओळखतो काकू. चांगली माणसं आहेत."

"मंग येऊ दे."

दिग्दर्शक आला तो घडीची खुर्ची आणि छत्री धरायला एक माणूस घेऊन. ओसरीच्या सावलीतही छत्री उघडीच होती. डफ वाजला, काकूचे केस सुटले, ती घुमू लागली. मग आरतीचं ताट घेऊन तिने कानबाईला ओवाळलं, वळली आणि थेट कॅमेऱ्यासमोर गेली. कानबाईच्या दिवशी घरात नवीन काही आलं, शिलाई मशीन असो की नांगर, की त्याला ओवाळायचं, अशी आमच्याकडची रीत. तिने कॅमेऱ्याला ओवाळलं आणि त्याच्या कपाळावर, म्हणजे जिथे असेल असं तिला वाटलं तिथे, कुंकू लावलं. दिग्दर्शक खुर्चीतून उठला. "वंडरफुल!" म्हणाला. मला भरून आलं होतं, हेही सांगितलं पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात सिनेमा धुळ्याला लागला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निम्मी भाऊबंदकी दुपारच्या खेळाला आली. काकूने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पडद्यावर तिला पाहून नमस्कार करायचा की नाही, यावर ट्रॉलीत वाद झाला होता.

मध्यंतरानंतर वाट चुकलेली नायिका एका घरात शिरते. दार उघडतं. आत काकू. केस मोकळे, चेहऱ्यावर हिरवा उजेड, आणि तोंडी कुणा पुरुषाचं खदाखदा हसणं. ताटातली ज्योत सरळ आमच्या अंगावर आली. थिएटरात किंकाळ्या उठल्या, मागोमाग शिट्ट्या. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. देवी शेवटी आली, पण ती मुंबईची, हातात त्रिशूळ घेतलेली, लिपस्टिक लावलेली.

"पोऱ्या, हाई मीच शे ना?" काकूने हळूच विचारलं.

"सिनेमात असं करावं लागतं, काकू," मी म्हणालो. आयुष्यात इतकं बेचव वाक्य मी बोललो नाही.

"मी त्या डब्बाले देवसारखं ओवाळं रे."

परत येताना ट्रॉलीत एक चुलतभाऊ डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "काकू, मनाकडे नको देखजो, माले ताप येई." कोणी हसलं नाही. गावात मात्र पुढे पुष्कळ दिवस हसले.

मी दिग्दर्शकाला संतापून पत्र लिहिलं. उत्तर आलं: काकूंच्या दृश्यावर लोक खूश आहेत, आपल्या लेखात त्याचा जरूर उल्लेख व्हावा. मी लेख लिहिला नाही. खरं लिहायचं तर हे लिहावं लागलं असतं, की मी पाहिलेल्या साऱ्या भयपटांत मला खरोखर घाबरवणारं तेवढं एकच दृश्य होतं.

श्रावणात नेहमीप्रमाणे गावी गेलो. काकू दारातच भेटली.

"ये भाऊ, बस," म्हणाली आणि ओट्यावर सतरंजी टाकली. या घरात मला यापूर्वी कोणी सतरंजी टाकली नव्हती.

आत डफ सुरू झाला, तसं कोणीतरी दार लोटून घेतलं. कॅमेरा सोडाच, माझ्या हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. मी डफ ऐकत राहिलो. तो थांबला, मग बराच वेळ भांड्यांचा आवाज. चुलतभाऊ तोंड पुसत बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले आणि पावसाबद्दल बोलू लागले.

शेवटी काकू ताट घेऊन आली. पुरी होती, खीर होती, बटाट्याची भाजी होती. मी ताटात रोट शोधतोय हे तिच्या ध्यानात आलं असावं.

"खाय भाऊ," ती समोर बसत म्हणाली, "पाहुणाले आम्ही उपाशी नही धाडतस."