डोक्यातली दुरुस्ती

बोलता बोलता सर हातातल्या खडूने स्वतःच्या कपाळावर टकटक करायचे. "इथली दुरुस्ती करता आली पाहिजे, बाई. इथली." मधल्या सुट्टीपर्यंत कपाळावर पांढरे ठिपके जमलेले असायचे, आणि तसेच ते चहाला येऊन बसायचे. नव्या शिपायाला आधी वाटलं होतं, सर रोज पूजा आटपून येतात.

आमची शाळा मुरबाडची. सर विज्ञान शिकवायचे, मी मराठी. तुमच्याही शाळेत असा एक मास्तर असणारच, ज्याला जन्मभर एकच विषय पुरतो. आमच्या सरांचा विषय बुद्धी. नव्वदच्या पुढची ती वर्षं. जनुक हा शब्द आम्हाला कुणाला धड उच्चारता येत नव्हता, तेव्हा सर पेपरातली कात्रणं खिशात घालून यायचे. शरीराच्या कणाकणात म्हणे एक लिखाण असतं. ते बदललं तर माणसाची बुद्धी वाढवता येईल का, यावर परदेशात खल चाललाय.

"आमच्या गावी, शेणव्याला, बापाच्या वेळचं भात उंच वाढायचं आणि वाऱ्याला आडवं पडायचं," सर सांगायचे. "नवं वाण आलं. बुटकं, पण लोंबी भरलेली. भाताचं होतं, मग माणसाचं का नाय होणार?"

"होईल हो," मी म्हणायचे. "सुरुवात आपल्या हेडमास्तरांपासून करा."

सगळे हसायचे, सरही हसायचे. मग हळूच म्हणायचे, "अजून दहा वर्षं द्या, बाई." ती दहा वर्षं कधी नऊ झाली नाहीत.

एकदा नववीच्या वर्गात एका मुलीने उभं राहून विचारलं, "सर, सगळीच हुशार झाली तर पयला नंबर कोणाचा?" सर स्टाफरूममध्ये आले ते मान हलवतच. "पोरीने गप्प केलं मला." मग म्हणाले, "मला कुठं पहिला नंबर पाहिजे? काठावर पास झाली तरी चालेल."

झाली म्हणजे कोण, ते आम्हाला माहीत होतं. नंदा. त्यांची एकुलती एक मुलगी. अंगाने चांगली वाढलेली, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "तुमी जेवलात?" सकाळी सात वाजता कंडक्टरला विचारायची, शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही तिने सोडलं नव्हतं. लोक हसायचे. सर एकदा मला म्हणाले, "ही सगळ्यांना विचारते. आमच्यामागं हिला कोण विचारणार?" त्यांच्या त्या सगळ्या कात्रणांच्या मुळाशी हा एवढाच प्रश्न होता.

पण एक गोष्ट मला त्यांची आवडायची नाही. सरांची आई शेणव्याहून आली की चहाच्या पहिल्या घोटाबरोबर सुरू व्हायची, "सुनेच्या रक्तातच खोट." वहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, एक मामा जरा मंद होता, तेवढंच म्हातारीला पुरायचं. सर तोंडाने तसं कधी बोलले नाहीत. फक्त अधूनमधून विचारायचे, "तुझा तो मामा कितवीपर्यंत शिकला गो? आणि त्याची पोरं?" वहिनी भांडी घासायला उठायच्या. मी तोंडाची फटकळ, मला हा विज्ञानाचा तास वाटत नसे. मी त्यांना तसं ऐकवलंही. "निदान करतोय मी," ते म्हणाले. "आधी निदान, मग उपाय."

वहिनींना त्या उपायाची ओढ नव्हती. "शहाणी झाली तर तिला सगळं कळंल ना बाई," त्या एकदा मेथी निवडताना म्हणाल्या. "लोक तिला काय काय बोलायचे, ते पण."

दोन हजार सालाच्या आसपास पेपरात मोठ्या अक्षरात आलं की माणसाचं ते आतलं लिखाण आता वाचून होत आलं. सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. गणिताचे सर म्हणाले, "काय, मुलीचं जमलं की काय?" सर म्हणाले, "जमेल आता." इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही.

पुढे एक-दोन वर्षांनी त्यांनी मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नंदाची तपासणी करवली. निकाल ऐकायला जायचं त्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. "बाई, तुमी चला. ते डॉक्टर काय बोलतात ते मला समजत नाय, आन् हे मला नीट सांगत नाय." म्हणून मी गेले.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. सरांनी आधी आपला मोठा प्रश्न विचारला, जनुकं बदलून बुद्धी वाढवता येईल का. त्या म्हणाल्या, "बुद्धी एका जनुकात नसते, सर. शेकडो जनुकं मिळून थोडं काहीतरी ठरवतात. बाकी खाणं, घर, शिकवणं. ते बदलून कुणाला हुशार करणं आज तरी कुणाला जमलेलं नाही. आणि तुमच्या मुलीच्या तपासणीत आम्हाला जनुकांचा दोष सापडलेला नाही. काही सापडलं असतं तर दुरुस्तीची आशा धरली असती. इथं दुरुस्त काय करायचं?" मग त्यांनी वहिनींना विचारलं, "जन्मली तेव्हा लगेच रडली का?"

"नाय," वहिनी म्हणाल्या. "लय वेळ नाय रडली. निळी पडली होती."

"मग बहुतेक तेच कारण. तेवढ्या वेळात मेंदूला प्राणवायू कमी पडला असणार. बाळंतपण कुठं झालं?"

सर टेबलाकडे बघत म्हणाले, "हिच्या माहेरी. टोकावड्याच्या पुढं, घाटाखालच्या पाड्यात. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरीच करायची रीत." मग म्हणाले, "आम्ही तेव्हा मुरबाडला राहत होतो. दवाखान्यासमोरच खोली होती आमची."

परत येताना कल्याणच्या एसटी स्टँडवर आम्ही चहा घेतला. वहिनींनी नंदासाठी बिस्किटाचा पुडा घेतला. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्या घरचं नव्हतं."

"नव्हतं," सर म्हणाले.

"हे ऐकायला सासूबाई असायला पायजे होत्या." मग त्यांच्याकडे न बघता, "तुमाला पण तसंच वाटत होतं ना?"

"हो गो. मला पण."

वहिनींच्या जागी मी असते तर बस चुकली तरी भांडले असते. वहिनींनी बिस्किटाचा पुडा नंदाच्या हातात दिला आणि सरांचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "प्या. गार होतोय." सरांनी पेला उचलला. नंदा आळीपाळीने आमच्या तिघांच्या तोंडाशी बिस्किट नेत होती.

त्यानंतर कात्रणं आली नाहीत. सरांनी नंदाला एकेक काम शिकवायला घेतलं. तांदूळ निवडणं, घडी घालणं, दार लावून घेणं. एका सकाळी ते हजेरीच्या आधी मला शोधत आले. "बाई, कडी लावायला शिकली." पोरगा इंजिनियर झाल्याचं लोक ज्या आवाजात सांगतात ना, तसं सांगितलं.

निवृत्त झाल्यावर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. अजूनही पेपरात जनुकांबद्दल काही आलं की मी तो भाग कापायला कात्री घेते आणि मग आठवतं, द्यायचा कुणाला. वाद घालायला तेवढं प्रेमाचं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. फार आठवण येते.

ते गेल्यावर काही महिन्यांनी मी संध्याकाळची त्यांच्या घरी गेले. वहिनी आणि मी ओट्याच्या पायरीवर बसलो. नंदा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, ओट्याच्या कडेला ठेवला, शेजारी पंचा ठेवला. "बाबा आले की पाय धुतील," तिने मला सांगितलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. अगदी खुशीत होती.

"रोज ठेवते," वहिनी म्हणाल्या. "नाय आले तरी दुसऱ्या दिवशी परत ठेवते. तशीच हसत."

मी तांब्या कडेवरून जरा आत सरकवला.

"बाई, हे सांगायचे ना, डोक्यातलं बदलायचं. ते उलटं पण करता येतं का?"

"उलटं म्हणजे?"

"माझं डोकं हिच्यासारखं. म्हंजे मी पण वाट बघितली असती."

नंदाने मला बाजूला सरकायला सांगितलं. मी पायरीच्या मधोमध बसले होते, बाबांना यायला वाट नव्हती.