ताऱ्यांचं सूप

सूपमध्ये पार्मेजान चीजची कडक साल उकळायला टाकली आणि त्या वासासरशी मी लहानपणीच्या, इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्या किचनमध्ये जाऊन पोचले.

आईची हॉस्पिटलमध्ये शिफ्ट असली की मी शेजारच्या इटालियन आजींकडे असायचे. त्या दिवशी मला ताप होता. त्यांनी मसुराएवढ्या ताऱ्यांचा पास्ता सूपमध्ये शिजवला, वर बटर सोडलं आणि फुंकर घालून मला भरवायला लागल्या. "खा, लुचिया."

लुचिया म्हणजे भिंतीवरच्या फोटोतली त्यांची मुलगी. माझ्याएवढी असतानाच गेलेली. मी मुकाट्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात आई न्यायला आली. माझं नाव कुणी चुकवलं तर तिथल्या तिथे सुधारणारी आई, पण त्या दिवशी 'लुचिया' ऐकूनही तिने ते सुधारलं नाही. बाऊल संपेपर्यंत अंगातला कोटही न काढता दारात उभी राहिली. घरी नेताना मात्र तिने माझा हात दुखेपर्यंत घट्ट धरला होता. मला वाटलं, चिडली असेल.

आज माझी लेक तापाने फणफणलीय. तिला मी तेच तारे भरवतेय.

"मम्मी, सारखं सारखं माझं नेम का घेतेस?"

मी पुढच्या चमच्यावर फुंकर घालते. "खा, ईशा."