ठेचून सरळ केलेला इतिहास

मनीषनगरमधल्या आमच्या ऑफिसात रक्त सांडलं ते एका सरळ रेषेपायी.

आम्ही कोळशाच्या ट्रकांची वजनं नोंदवणारं सॉफ्टवेअर लिहायचो. प्रत्येकजण मूळ कोडची वेगळी प्रत, म्हणजे शाखा, काढून काम करी आणि काम झालं की ती मूळ कोडमध्ये मर्ज करी, म्हणजे मिसळी. कोणती ओळ कोणी बदलली, याचा इतिहास आपोआप राहतो. शाखा जुळतात तिथे त्या इतिहासाच्या आलेखात गाठी पडतात. आमच्या प्रमुखांना गाठी खपत नसत. भिंतीवरच्या टीव्हीवर ग्राहकांना दाखवायला एकच सरळ रेषा हवी. म्हणून ते शाखेतल्या साऱ्या नोंदी ठेचून एक करत, ती मुळात घालत आणि शाखा मारून टाकत. याला ते शिस्त म्हणत.

एका सोमवारी ट्रकांची वजनं चुकली. चुकीच्या ओळींपुढे कोराडीहून येणाऱ्या सहकाऱ्याचं नाव निघालं. शाखा त्याची होती, पण त्या ओळी प्रमुखांनी घुसडल्या होत्या. ठेचलेल्या नोंदीला शाखा काढणाऱ्याचंच नाव लागतं, म्हणून सगळंच त्याच्या नावावर चढलं. प्रमुखांनी सर्वांसमोर त्याला टेबल रिकामं करायला सांगितलं आणि नोंदींच्या पावित्र्यावर भाषण सुरू केलं.

ते पूर्ण झालं नाही. सहकाऱ्याने त्यांची कॉलर धरून त्यांना टीव्हीवर आपटलं. काच तडकली.

"तूच लिहिलं ना गा ते? सांग या सगळ्यायले."

उत्तरादाखल प्रमुखांनी कीबोर्ड त्याच्या कानशिलावर हाणला. बटणं फरशीवर उडाली. तो परत धावला आणि त्यांच्या नाकावर बुक्की बसली. सोडवायला गेलो तर कोणाचं तरी कोपर माझ्या ओठावर आलं.

मर्जआधी तपासणीसाठी घेतलेली त्याची न ठेचलेली शाखा माझ्या मशीनवर अजून होती. ओठ पुसत मी ती उघडली. त्या ओळींपुढे प्रमुखांचं नाव होतं. त्यांनी नाकाला रुमाल लावून ते वाचलं.

"ती डिलीट करा," ते म्हणाले. "मर्ज झालेली शाखा ठेवायची नसते."

मी ती सर्वांना पाठवली. कंपनीचे मालक आले, त्यांनी ती पाहिली आणि वजनाचा आरोप मागे घेतला. मग मारहाणीबद्दल सहकाऱ्याला काढलं.

त्याच्या कानामागून रक्त ओघळत होतं. मला वाटलं, तो पुन्हा उसळेल. त्याने डबा पिशवीत टाकला.

"हे कबूल हाये," तो म्हणाला. "हे मीच केलं."